नळी बंद कोणी केली?

१९१९च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात इसिडॉर रुबिन या डॉक्टरनं एका बाईच्या गर्भाशयात हळूहळू वायू सोडला आणि दाब मोजणाऱ्या काट्याकडे लक्ष ठेवलं. काटा काही वेळ चढला आणि मग खाली आला. बाई उठून बसली तेव्हा तिचा खांदा दुखू लागला. रुबिनना हवी होती ती खूण हीच. गर्भनलिका मोकळ्या असतील तर वायू त्यांतून पोटाच्या पोकळीत उतरतो. बाई उठून बसली की तो वर चढून श्वासपटलाला टेकतो. श्वासपटलाची आणि खांद्याची वेदना एकाच मार्गानं मेंदूकडे जाते, म्हणून पोटातल्या वायूनं खांदा दुखतो. दाब चढतच राहिला आणि खांदा दुखलाच नाही, तर नळ्या बंद.

त्याआधी नळी मोकळी आहे की नाही हे खात्रीनं पाहायचं तर पोट उघडण्यावाचून उपाय नव्हता. रुबिननीच १९१४ मध्ये गर्भाशयात कोलार्गोल नावाचं चांदीयुक्त औषध सोडून क्ष-किरण चित्र काढण्याचा प्रयत्न केला होता, पण त्या औषधानं आतला भाग चिघळे. वायूची तपासणी सोपी निघाली आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभरच्या दवाखान्यांत ती 'रुबिन टेस्ट' म्हणून चालली. मूल न होण्यामागं एक ठरावीक, तपासून सांगता येणारं कारण असू शकतं, हे अशा रीतीनं कागदावर आलं.

आता त्याच १९१९ सालातला आपला खानदेश पाहू. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. चाळीसगाव-धुळे रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली होती. धुळ्याची बाई चाळीसगावला गाडी बदलून मुंबईच्या मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचू शकत होती. पण पोहोचायची कोण? लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि कूस उजवली नाही की तिच्यासाठी दोनच वाटा ठरलेल्या असत. एक नवसाची: श्रावणात कानबाईला, धुळ्याच्या एकवीरेला, यावलकडच्या मनुदेवीला. दुसरी तिच्या हातात नसलेली, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी आली ती १९४६ मध्ये. तोवर 'मूल नाही' हे सवत आणायला पुरेसं कारण होतं, आणि दोष कोणाचा हे तपासायचं कुणाच्या मनातही येत नसे. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला पुढे बोलावत नसत. जात्यावर, पाणवठ्यावर, शेतात निंदणीला बसलेल्या बायांत तिच्यासाठी एकच शब्द होता, तो मी इथं पुन्हा लिहीत नाही.

हा इतिहास मी लिहितो आहे तो एका प्रश्नासाठी. त्या बाईची नळी बंद असेल, तर ती बंद कोणी केली?

उत्तराचा पहिला भाग न्यूयॉर्कमध्येच, रुबिनच्या जवळपास अर्धशतक आधी, दिला गेला होता. एमिल नॉएगराथ या डॉक्टरनं १८७२ मध्ये मांडलं, की परमा (गनोरिया हा गुप्तरोग) बरा झाला असं समजून पुरुष लग्न करतो, पण रोग त्याच्या अंगात लपून राहतो. तो नव्या नवरीला होतो, तिच्या नळ्यांपर्यंत चढतो आणि तिला मूल होत नाही. त्या काळच्या वैद्यकमंडळींना हे पटलं नाही. सात वर्षांनी, १८७९ मध्ये, आल्बर्ट नाइसरनं परम्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. मग हळूहळू मान्य झालं, की पुष्कळ 'निपुत्रिक' घरांत रोग नवऱ्याकडून आला आणि बोल बायकोला लागला. महाराष्ट्रात हे उघडपणे लिहिण्याचं धाडस र. धों. कर्व्यांनी केलं. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवणारा हा माणूस गुप्तरोगांविषयी नाव घेऊन बोलत होता आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. त्याचं म्हणणं वेळीच ऐकलं गेलं असतं तर किती बाया वाचल्या असत्या, याचा विचार केला की आजही चरफडायला होतं.

दुसरा भाग बाळंतपणाचा आणि गर्भपाताचा. अंधाऱ्या खोलीत, न धुतलेल्या हातांनी झालेलं पहिलं बाळंतपण, मागाहून आठ-दहा दिवसांचा ताप, 'बाळंतरोग' म्हणून सोडून दिलेला. बाई त्यातून उठली तर सगळे देवाचे आभार मानत. पण आत जंतूंनी नळीची टोकं चिकटवून टाकलेली असत. पहिलं मूल झालं, दुसरं झालंच नाही, अशा बायांच्या मागं पुष्कळदा हा ताप असे.

तिसरा भाग क्षयाचा, आणि आपल्याकडे तो फार मोठा. फुप्फुसातला क्षय खोकल्यानं कळतो. गर्भनलिकेतला कळत नाही. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे खाली उतरतात आणि स्त्रीच्या जननेंद्रियांत बहुतेक वेळा आधी नळ्यांनाच गाठतात. ना ताप, ना खोकला. कधी पाळी कमी होत जाते, कधी ओटीपोट दुखतं, कधी तेही नाही. वर्षानुवर्षं नळी आतून खरवडत राहते. क्ष-किरण चित्रात ती मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठीची दिसते, आणि कधी टोक फुगून तोंड आवळलेलं, ज्याला रेडिओलॉजीची पुस्तकं तंबाखूच्या थैलीची उपमा देतात. कनवटीला चंची लावणारी म्हातारी ज्यानं पाहिली आहे त्याला ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे नवऱ्याचा रोग, सुइणीचे हात, घरातल्या खोकणाऱ्या माणसाचा श्वास. या तिन्हींत बाईचा दोष कुठं आहे?

नळी शोधण्याची गोष्ट जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तव वाहणारी दोन स्रोतसं सांगितली आहेत आणि त्यांना इजा झाली तर वंध्यत्व येतं असंही म्हटलं आहे. युरोपात पादुआच्या गाब्रिएले फालोप्पिओनं १५६१ मध्ये या नळ्यांचं बारकाईनं वर्णन केलं, आकारावरून त्यांना तुतारीचं नाव दिलं आणि नंतर त्याचंच नाव त्यांना चिकटलं. बंद नळी खालच्या वाटेनं उघडण्याची पहिली सूचना १८४९ची. लंडनच्या विल्यम टायलर स्मिथनं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की व्हेलच्या जबड्यातल्या पट्ट्यांची ('व्हेलबोन'ची) बारीक, लवचीक सळई गर्भाशयातून नळीच्या तोंडात सरकवून अडथळा दूर करता येईल. ना भूल नीट रुळलेली, ना जंतूंचं ज्ञान, ना आतलं दाखवणारं कुठलं यंत्र. तरी कल्पना इतकी नेमकी होती की सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९८०च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये क्ष-किरण पडद्यावर पाहत पाहत बारीक तार आणि कॅथेटरनं तेच करून दाखवलं गेलं. गर्भाशयालगतच्या टोकाशी नुसता चिकट स्राव किंवा कचरा साचला असेल तर पोट न उघडता, टाका न घालता नळी मोकळी होते. आज हे 'ट्यूबल कॅन्युलेशन' म्हणून मोठ्या शहरांत होतं.

रुबिनच्या वायूची जागा पुढे क्ष-किरण तपासणीनं घेतली. १९२५ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये कार्लोस ह्यूसर यांनी गर्भाशयात लिपिओडॉल सोडून चित्र काढलं. लिपिओडॉल म्हणजे आयोडिन मिसळलेलं खसखशीचं तेल. आज आपण जिला एचएसजी म्हणतो, जळगाव-धुळ्याच्या सोनोग्राफी सेंटरांबाहेरच्या पाटीवर जी तीन अक्षरं असतात, ती ही तपासणी. या तेलाची एक गोष्ट डॉक्टरांच्या फार आधी लक्षात आली होती: तपासणीनंतरच्या काही महिन्यांत काही बायांना दिवस जात. योगायोग की तेलानं नळी धुतली जाते? नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निकाल आला: तेलाचं द्रव्य वापरलेल्यांपैकी ३९.७ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत दिवस गेले, पाण्याचं द्रव्य वापरलेल्यांपैकी २९.१ टक्के. मात्र ज्यांच्या नळ्यांत बिघाडाची शक्यता कमी होती अशाच स्त्रिया त्या चाचणीत होत्या. क्षयानं आवळलेली नळी तेलानं उघडत नाही. आणि अंगात जंतुसंसर्ग चालू असताना गर्भाशयात काहीही सोडणं, मग ते परदेशी द्रव्य असो की घरगुती ओळखीतून सुचवलेलं औषधी तेल, धोक्याचं आहे.

आता महाराष्ट्राच्या हातून झालेल्या कामाकडे येतो. गोव्यातल्या शिरोड्याचे विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९चा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस होऊन परतले आणि पुढे त्याच कॉलेजात स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. गर्भाशयाचं तोंड सैल पडून वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ मध्ये मांडलेला टाका जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. बंद नळ्यांवरचं त्यांचं काम त्या टाक्याच्या सावलीत राहिलं. चिकटलेलं टोक सोडवून पुन्हा उमलतं करणं, मधला बंद तुकडा काढून उरलेली नळी गर्भाशयाला जोडणं, अशा 'ट्यूबोप्लास्टी'च्या शस्त्रक्रिया ते वर्षानुवर्षं करत होते. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्त्रीरोगविषयक नियतकालिकात त्यांनी आपला अनुभव मांडला. हेच शिरोडकर भारतीय कुटुंबनियोजन संघटनेच्या उभारणीतही होते. नको असलेलं मूल लादलं जाऊ नये आणि हवं असलेलं नाकारलं जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरच्या हातात एकत्र नांदत होत्या, याचं मला मोल वाटतं.

पण त्या काळच्या सगळ्याच शल्यविशारदांना एक कोडं छळत होतं. नळी उघडायची, तपासणीत मोकळी दिसायची, आणि तरी दिवस जायचे नाहीत. किंवा जायचे ते नळीतच. मग नळी फुटून जिवावर बेतायचं. कारण नळीच्या घडणीत आहे. दहा-बारा सेंटीमीटर लांबीची ही नळी गर्भाशयालगत जेमतेम एक मिलिमीटर रुंद, बाहेरच्या टोकाला झालरीसारखी पसरलेली. बीजांड बाहेर पडलं की ही झालर त्याला टिपून घेते. आतल्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म केस एका दिशेनं हलत असतात. शुक्राणूशी मीलन नळीतच होतं, गर्भाचे पहिले तीन-चार दिवस तिथंच जातात, आणि मग तो गर्भाशयात पोहोचवला जातो. जंतूंनी एकदा हे केस आणि झालर खाल्ली की बाहेरून कितीही सुरेख शिवण घातली तरी आतलं काम परत येत नाही. १९६०-७०च्या दशकांत स्वीडनचे कुर्ट स्वोलिन, कॅनडातले व्हिक्टर गोमेल, लंडनचे रॉबर्ट विन्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं नळ्या जोडायला सुरुवात केली. त्यानं खरा फायदा झाला तो एका वेगळ्याच गटाचा: ज्यांच्या नळ्या रोगानं नव्हे, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननं बंद केल्या होत्या.

महाराष्ट्राला हा गट चांगला माहीत आहे. आपल्या गावोगावच्या शिबिरांत दोन मुलांनंतर नळ्या बांधलेल्या बायांची संख्या फार मोठी. त्यांपैकी एखादीचं मूल विहिरीत पडून जातं, एखादीचं साप चावून. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या घरांनी झोपलेली माणसं गाडली, तेव्हा लेकरं गमावलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या आयांपुढे हाच प्रश्न होता. अशा वेळी नळी पुन्हा जोडता येते. किती चांगली जोडता येईल हे उरलेल्या नळीच्या लांबीवर ठरतं. रिंग घालून बांधलेली नळी थोडीच निकामी होते, म्हणून जोडायला सोपी. जाळून बंद केलेली कठीण. या जोडणीला डॉक्टर 'रिकॅनलायझेशन' म्हणतात. अंगात रोग नसल्यामुळे इथं यश चांगलं मिळतं. हे ऑपरेशन होतं, एवढं सांगणारं माणूस गावात वेळेवर भेटत नाही, ही खरी अडचण.

रोगानं गेलेल्या नळीचं उत्तर शेवटी नळीला वळसा घालून मिळालं. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. पॅट्रिक स्टेप्टो यांनी दुर्बिणीनं बीजांड काढलं, रॉबर्ट एडवर्ड्स यांनी ते प्रयोगशाळेत फळवलं. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. तिच्याही आईच्या नळ्या बिघडलेल्या होत्या. मुखर्जींनी साध्या साधनांत गर्भ गोठवून ठेवण्यापर्यंत मजल मारली होती. पण सरकारी चौकशी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, परदेशी जाऊन काम मांडायला त्यांना परवानगी मिळाली नाही, आणि नंतर त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली.

पुढची गोष्ट मुंबईची. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि हाकेच्या अंतरावरच्या, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मिळून हे काम उभं केलं. ६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये हर्षा चावडा जन्मली आणि देशानं तिला भारताची पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' मानलं. महापालिकेच्या इस्पितळात, जिथं परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या बायका येत, तिथं हे झालं, हे विसरू नये. त्यानंतर आनंद कुमारांनी जे केलं ते विज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या, त्यांनी त्या तपासल्या आणि १९९७ मध्ये स्वतः लिहून जाहीर केलं, की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. आपल्या नावावर असलेला मान त्यांनी आपल्या हातानं मृत माणसाला परत दिला. मुंबईच्या या शास्त्रज्ञाचं नाव शाळेच्या पुस्तकांत असायला हवं.

टेस्ट ट्यूब बेबीनं नळीची गरज संपवली असं वाटत असेल तर तेही पुरतं खरं नाही. टोक बंद होऊन पाण्यानं फुगलेली नळी असेल तर तो स्राव गर्भाशयात झिरपतो आणि बाहेरून ठेवलेला गर्भ रुजत नाही. अशी नळी आधी काढली तर यश वाढतं, हे १९९९ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या चाचणीनं दाखवलं; ती गर्भाशयालगत बंद केली तरी फायदा होतो. त्याकडे लक्ष न देता एकामागून एक फेऱ्या केल्या, तर लाखांच्या घरातला खर्च आणि बाईचं शरीर दोन्ही वाया जातात.

केईएमच्या आनंदाला तीन वर्षं होत नाहीत तोच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून एक अहवाल आला. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती. जानेवारी १९८९च्या 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापले गेले: ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग, आणि आयुष्यात कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या अवघ्या आठ टक्के. 'पांढरं जातं', 'कंबर धरते', 'ओटीपोट दुखतं' असं म्हणत त्या वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या. मुंबईत नळीला वळसा घालणारी विद्या तयार होत होती, आणि गावात नळी बंद करणारे रोग तपासायला कोणी नव्हतं. माझ्या मते आपल्या राज्यातल्या वंध्यत्वाच्या इतिहासात केईएमच्या पाळण्याइतकाच हा अहवाल मोठा आहे. पहिल्याची छायाचित्रं छापली गेली. दुसऱ्यानं जी कामं सांगितली ती अजून अर्धवट आहेत.

त्याच सुमारास धुळ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आज ते भाऊसाहेब हिरे यांच्या नावानं आहे. जळगावला ते २०१८ मध्ये आलं. चाळीसगावला गाडी बदलून मुंबई गाठण्याची गरज पुष्कळ कमी झाली. पण घरात मूल नाही म्हटलं की आजही आधी सुनेच्याच तपासण्या सुरू होतात, नवऱ्याच्या वीर्याची साधी, स्वस्त तपासणी शेवटी, आणि कित्येकदा होतच नाही. मग कुणीतरी थेट टेस्ट ट्यूबचं पॅकेज सांगतं आणि कपाशीच्या शेताचा तुकडा गहाण पडतो.

खानदेशातल्या सासूबाईंना, दीर-जावांना आणि विशेषतः नवऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, आणि बाई पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिने, तर दोघंही एकाच दिवशी दवाखान्यात जा. आधी नवऱ्याची तपासणी होऊ द्या. बाईच्या नळ्यांची एचएसजी करून घ्या. बंद आली तर कुठं बंद आहे, गर्भाशयाजवळ की टोकाला, फुगली आहे का, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा उपाय त्यावरच ठरतो. घरात कुणाला कधी क्षय झाला असेल तर ते लपवू नका, क्षयाची तपासणी मागा. सरकारी दवाखान्यात ती आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात. आणि घरातली लेक-सून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, बाळंतपणानंतर ताप येतो असं सांगत असेल, तर तिला त्याच आठवड्यात तपासायला न्या.